बीपीच्या वहीपासनं साथीच्या मॉडेलपर्यंत: आरोग्याचं गणित शिकायला सुरुवात कुठनं करायची

गेल्या दोन वर्षांत मला बऱ्याच पोरांनी एकच गोष्ट विचारली, कुणी बीएस्सीला मॅथ्स घेतलेलं, कुणी फार्मसीचं, एक तर बीएएमएसला आहे, की आरोग्याच्या डेटावर काम करायचंय, मॉडेलिंग शिकायचंय, तर प्रोग्रॅमिंगच्या भाषांतली आधी पायथन शिकू का आर शिकू. मी प्रत्येकाला सांगतो की आधी दोनशे पानी वही घे. हे मी मनापासनं सांगतोय. कॉम्प्युटर नंतर येतोच, दोन महिन्यांत हात बसतो, पण आकडा जन्माला कसा येतो हे ज्यानं बघितलं नाही त्याचं मॉडेल कितीही भारी दिसलं तरी त्याला विचारलं की हा आकडा कुठनं आला तर तो गप्प बसतो. म्हणून खाली मी ज्या क्रमानं शिकलो त्यातली चुकीची वळणं काढून, कोल्हापुरात बसून कुणालाही करता येईल अशा क्रमानं लिहितोय. बारावीचं गणित पुरेसं आहे, दहावीचं असलं तरी निम्मं जमेल.

पहिली पायरी: घरातला एक आकडा स्वतः मोजा

माझी सुरुवात वडिलांच्या बीपीपासनं झाली. ते दर महिन्याला एका दवाखान्यात जायचे, तिथं एका छोट्या वहीत बीपी लिहून द्यायचे. मी एकदा ती वही घेऊन दोन वर्षांचे आकडे एक्सेलसारख्या शीटमधे भरले, म्हटलं ग्राफ काढू. आकडे असे: १३०/८०, १४०/९०, १३०/८०, १४०/८०, १३०/८०. खाली खाली बघत गेलो तर सगळ्या वहीत एकही आकडा ३ नं किंवा ७ नं संपत नव्हता. चोवीस नोंदी, चोवीसच्या चोवीस शून्यावर. माणसाचं बीपी काय दहा-दहाच्या टप्प्यानं चढत-उतरत नाही. मोजणारा माणूस घाईत असतो, बाहेर पेशंटची रांग असते, काटा १३७ च्या आसपास दिसला की कधी १३० लिहितो कधी १४०. ह्याला स्टॅटिस्टिक्समधे शेवटच्या आकड्याची आवड म्हणतात आणि ही गोष्ट जगभर सापडते, जनगणनेत लोक वय ४०, ४५, ५० सांगतात तीच गत.

मग घरी डिजिटल मशीन आणलं आणि नीट पद्धतीनं मोजलं. पद्धत अशी: पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, चहा-तंबाखू त्याआधी अर्धा तास नाही, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे टाकून द्यायचे कारण पहिल्या दिवशी मशीनचीच धास्ती असते. उरलेल्यांची सरासरी. वडिलांचे सकाळचे वरचे आकडे आले १३७, १४२, १२९, १४४, १३३, १३८. सरासरी १३७. घरी मोजलेल्या बीपीला १३५/८५ ही जास्त बीपीची रेषा धरतात, म्हणजे ते रेषेच्या जरा वरती होते, आणि दवाखान्याच्या वहीवरनं ते कधी एकदम मस्त दिसायचे तर कधी एकदम धोक्यात. ती सहा आकड्यांची पट्टी घेऊन आम्ही डॉक्टरांकडं गेलो, पुढचं त्यांनी ठरवलं. औषधाचा निर्णय आपल्या शीटवरनं घ्यायचा नाही, हे एकदाच लिहून ठेवतो.

आता ह्यात शिकण्यासारखं काय, तर बघा, एकाच माणसाचं बीपी सहा दिवसांत १२९ पासनं १४४ पर्यंत फिरलं. पंधराचा फरक. त्याची तब्येत बदललेली नाही, हा नुसता रोजचा चढउतार. उद्या कुणी म्हणालं की अमुक काढा घेतला आणि बीपी १४४ वरनं १२९ वर आलं, तर तुम्हाला ह्या वहीमुळं कळेल की काढा न घेता पण तेवढं खाली येतंय. जास्त असलेला आकडा पुढच्या वेळी आपोआप सरासरीकडं सरकतो. अर्ध्या आरोग्याच्या जाहिराती ह्या एका गोष्टीवर चालतात.

तुम्ही बीपीच घ्या असं नाही. आईची शुगर घ्या, स्वतःची झोप घ्या, धाकट्या भावाची पळण्याची वेळ आणि नाडी घ्या. तीस नोंदी होईपर्यंत पुढं जाऊ नका.

शुगरचं निघालंच आहे म्हणून सांगतो, रिपोर्टवरचा एचबीएवनसी हा आकडा म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची एक प्रकारची सरासरी, आणि त्यावरनं अंदाजे सरासरी शुगर काढायचं सूत्र आहे: २८.७ ने गुणा, ४६.७ वजा करा. ७ असेल तर २००.९ वजा ४६.७, म्हणजे १५४. कितीतरी लॅबच्या रिपोर्टवर खाली ही अंदाजे सरासरी छापलेली असते, ती ह्याच सरळ रेषेनं काढलेली असते. मॉडेल म्हणजे काय ह्याचं ह्यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही, बऱ्याच लोकांचे आकडे घेतले, त्यातनं एक रेषा ओढली, आता एक आकडा टाकला की दुसरा मिळतो. आणि रेषा बऱ्याच लोकांची असल्यामुळं तुमच्या आईला ती थोडी चुकणार, हेही त्यातच आलं. रक्त कमी असलेल्या बाईला तर ती चांगलीच चुकू शकते.

बीएमआयचं, म्हणजे उंची-वजनावरनं काढलेल्या आकड्याचं, पण तसंच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. उंची आणि वजन ह्या दोन आकड्यांत माणूस बसवला की एवढं निसटतं. आपल्याकडं बारीक दिसणाऱ्या माणसाला शुगर कशी काय निघाली असं लोक विचारतात ना, त्याचं उत्तर त्या फोटोत आहे. मी नव्या पोरांना आधी हाच फोटो शोधून बघायला सांगतो.

दुसरी पायरी: किती जणांत किती

आकडा एकटा कधी घ्यायचा नाही. समजा एका आठवड्यात करवीर तालुक्यात डेंग्यूचे ७० पेशंट आणि गगनबावड्यात ७. बातमी करवीरची होणार. पण करवीरची लोकसंख्या कोल्हापूर शहर धरून दहा लाखाच्या घरात आणि गगनबावड्याची पस्तीस हजाराच्या आसपास. भागाकार करा, करवीर लाखामागं ७, गगनबावडा लाखामागं २०. आता टँकर, फवारणी, माणसं आधी कुठं पाठवायची? ह्या एका भागाकारासाठी शाळेतलं गणित पुरतं पण तो न करता छापलेले तक्ते मी रोज बघतो. खालचा आकडा जनगणनेतनं घ्यायचा, २०११ ची जनगणना धरली तर कोल्हापूर जिल्हा ३८ लाख ७६ हजार आणि महापालिका हद्द साधारण साडेपाच लाख, जुना आकडा आहे हे लिहून ठेवायचं आणि वापरायचा.

वयाचं पण बघा. ज्या गावातली तरणी पोरं पुण्या-मुंबईला गेलीत तिथं म्हातारी माणसं जास्त, मग तिथं हार्टचे पेशंट जास्त दिसणारच, त्या गावच्या पाण्यात काही दोष आहे असं नाही. दोन गावं ताडायची तर साठीच्या वरच्यांची साठीच्या वरच्यांशी ताडायची.

आता ह्याहून मोठी गोष्ट. कॉलेजात असताना मी सकाळी गावातल्या दूध संस्थेत फॅट काढायला बसायचो. तिथं पहिला नियम, किटलीतलं दूध पळीनं खालीवर हलवल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही. म्हशीचं दूध जरा वेळ ठेवलं की साय वर येते, वरनं घेतलं तर फॅट भरमसाट, तळातनं घेतलं तर काहीच नाही, आणि दोन्ही आकडे मशीननं बरोबरच दाखवलेले असतात. मशीन खोटं बोलत नाही, नमुना चुकलेला असतो.

दवाखान्याचा डेटा म्हणजे न हलवलेली किटली. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, जो पेशंट येतो तो राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडातनं एसटीनं नाहीतर ॲम्ब्युलन्सनं एवढा लांब आला म्हणजे त्याचा आजार वाढलेलाच असणार. साधा ताप आलेला माणूस गल्लीतल्या डॉक्टरकडं जातो, त्याहून साधा असला तर मेडिकलमधनं गोळी घेतो आणि झोपतो. त्यामुळं मोठ्या दवाखान्याचे आकडे घेऊन शंभर पेशंटात एवढे दगावतात म्हणून आजार एवढा घातक, असं मॉडेल केलं की ते वरच्या सायीचं मॉडेल झालं. ह्याच्या उलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा, त्यात घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात, म्हणजे दूध हलवून घेतलेला नमुना. २०१९ ते २१ च्या फेरीत जिल्हावार पत्रकं आहेत, कोल्हापूरचंही आहे, फुकट उतरवता येतं. रक्त कमी असणाऱ्या बायका, बीपी, शुगर, मुलांची उंची, सगळं आहे. नवख्या माणसानं महिनाभर फक्त ते एक पत्रक जवळच्या सांगली-साताऱ्याच्या पत्रकाला लावून वाचलं तरी पुष्कळ.

तिसरी पायरी: तारीख कुठली?

मी पहिल्यांदा साथीचा ग्राफ काढला तेव्हा दर सोमवारी टोक आणि दर रविवारी खड्डा यायचा. दोन दिवस मी डोकं लावलं की डासांचा आणि वाराचा काय संबंध. काहीच नाही, रविवारी लॅब बंद, सोमवारी दोन दिवसांचे रिपोर्ट एकदम. तेव्हापासनं दोन सवयी लावून घेतल्या, एक म्हणजे सात दिवसांची सरकती सरासरी काढायची, म्हणजे प्रत्येक दिवसासमोर तो दिवस आणि आधीचे सहा ह्यांची सरासरी, त्यानं वारांचा खेळ जातो. आणि दुसरी, रिपोर्टची तारीख आणि ताप आलेली तारीख ह्या दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या. साथ समजून घ्यायला ताप आलेली तारीख लागते.

ह्या तारखांमधेच एक मॉडेल लपलंय आणि ते नुसत्या बेरजेनं होतं. डेंग्यूचं घ्या. पाऊस पडला, टायरात-बॅरलमधे पाणी साठलं. अंडं ते उडणारा डास ८ ते १० दिवस. त्या डासानं आजारी माणसाला चावल्यावर विषाणू डासाच्या अंगात तयार व्हायला आणखी ८ ते १२ दिवस. मग तो चावल्यावर माणसाला ताप यायला ४ ते १० दिवस. ताप आल्यावर माणूस दोन-तीन दिवस काढतो, मग तपासणी. बेरीज करा: कमीत कमी ८, ८, ४, २ म्हणजे २२ दिवस, जास्तीत जास्त १०, १२, १०, ३ म्हणजे ३५. म्हणजे आज लॅबमधे जो पेशंट निघाला त्याची गोष्ट तीन ते पाच आठवड्यांपूर्वी कुणाच्या तरी बॅरलमधे सुरू झाली. आज आकडे वाढले म्हणून आज फवारणी करायची म्हणजे महिन्याभरापूर्वीच्या गोष्टीच्या मागं पळणं. पावसाचे आकडे आणि पेशंटचे आकडे शीटमधे शेजारी ठेवा आणि पावसाचा रकाना एक-एक आठवडा खाली सरकवत बघा, कुठल्या सरकवण्याला दोन्ही जास्त जुळतात. हातानं करा, मजा येते.

चौथी पायरी: चहाचं मॉडेल

आता पहिलं खरं मॉडेल. संध्याकाळी सहाला चहा पिला. चहातलं कॅफिन धडधाकट माणसाच्या अंगातनं साधारण पाच तासांत निम्मं होतं, ह्याला हाफ लाइफ म्हणतात. शीटमधे पहिल्या ओळीत १०० लिहा, पुढच्या प्रत्येक तासाला आधीच्या आकड्याला ०.८७ नं गुणा. पाच ओळींनी बघा, पन्नासच्या आसपास आलेलं असेल. रात्री अकराला झोपायला जाताना निम्मा चहा अजून अंगात आहे. पहाटे चारला पाव.

हेच गोळीला लावा. समजा एका औषधाचं हाफ लाइफ जेवढं आहे तेवढ्याच अंतरानं एकेक गोळी घेतली. पहिल्या गोळीनंतर १००, मग निम्मं म्हणजे ५० अधिक नवी १००, झाले १५०, मग १७५, मग १८७.५, असं करत २०० च्या जवळ जाऊन थांबतं, पुढं कितीही दिवस घ्या २०० च. चार-पाच गोळ्यांनी पातळी बसते. मधली एक गोळी चुकवून बघा शीटमधे, ग्राफला केवढा खड्डा पडतो आणि तो भरायला किती गोळ्या जातात ते. डॉक्टर कोर्स चुकवू नका म्हणतात ते मला आधी उपदेश वाटायचा, शीटमधला खड्डा बघितल्यापासनं मी आजीच्या गोळ्यांचा डबा स्वतः भरतो.

पाचवी पायरी: हजार पोरांची शाळा

आता साथ. एक शाळा धरा, हजार पोरं, एकाला ताप आलाय. तीन रकाने: निरोगी ९९९, आजारी १, बरे ०. ह्या मॉडेलला तिन्ही रकान्यांच्या इंग्रजी नावांच्या पहिल्या अक्षरांवरनं एसआयआर म्हणतात. रोज दोनच गोष्टी होतात. नवे आजारी = ०.४ गुणिले निरोगी गुणिले आजारी भागिले १०००. ०.४ म्हणजे सुरुवातीला एक आजारी पोर रोज सरासरी किती जणांना आजार देतं तो आकडा. बरे होणारे = आजाऱ्यांचा पाचवा भाग, म्हणजे आजार सरासरी पाच दिवसांचा. निरोग्यांतनं नवे वजा, आजाऱ्यांत नवे मिळवा आणि बरे झालेले वजा, बरे झालेल्यांत ते मिळवा. झालं. ही ओळ शंभर दिवस खाली ओढा.

पहिल्या दिवशी ०.४ नवा आजारी येईल, पोरं विचारतात ०.४ माणूस कसला. ही सरासरी आहे, अशा शंभर शाळा असत्या तर चाळीस नवे आजारी आले असते असं समजा. सुरुवातीला आजारी रोज वीस टक्क्यांनी वाढतात, पहिले दहा-बारा दिवस बघणाऱ्याला काहीच वाटत नाही, पाच-सात पोरं आजारी, मग महिन्याभरानं एकाच वेळी दीडशेच्या वर पोरं अंथरुणात. आणि साथ संपेपर्यंत आठशेच्या आसपास पोरांना आजार होऊन गेलेला असतो, उरलेली दोनशे तशीच सुटतात, ती काही जास्त ताकदीची नसतात, त्यांच्याभोवतीची पोरं आजारी होऊन बरी झालेली असतात म्हणून त्यांच्यापर्यंत रोग पोचायला वाट उरत नाही.

आता ०.४ च्या जागी ०.३ करा. म्हणजे पोरांचा एकमेकांशी संपर्क फक्त पाव हिश्श्यानं कमी, एकत्र डबा खाणं बंद केलं, खिडक्या उघडल्या, तापलेल्या पोराला घरी ठेवलं. शिखर दीडशेवरनं साठ-सत्तरवर येतं. पाव कमी केलं आणि शिखर निम्म्याच्याही खाली! एकूण आजारी सहाशेच्या जरा खाली. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा फॉर्म्युला चुकला म्हणून तीनदा तपासला. चुकला नव्हता. साथीत माणसाची अंदाज बांधायची पद्धत फसते ती इथं, आपल्याला वाटतं थोडं केलं तर थोडाच फरक पडणार.

०.४ ला ०.२ नं, म्हणजे बरे होणाऱ्यांच्या पाचव्या भागानं, भागलं की २ येतं, म्हणजे सुरुवातीला एक आजारी सरासरी दोघांना देतो. गोवरात हा आकडा साधारण १२ ते १८ धरतात. मधला १५ घ्या, १ वजा १ भागिले १५ करून बघा, ०.९३ येतं, म्हणजे गोवर थांबवायला शंभरातल्या त्र्याण्णव जणांना संरक्षण पाहिजे. लसीकरणात पंच्याण्णव टक्क्यांचा आग्रह का असतो ते ह्या एका भागाकारात आहे, वाडीवरचं एखादं घर सुटलं तर आशाताई परत का जातात ते पण.

सहावी पायरी: मुंबईचा प्लेग आणि जुळणारा ग्राफ

वरचं मॉडेल आलं कुठनं, ही गोष्ट मराठी माणसानं माहीत करून घ्यावी अशी आहे. १९२७ साली विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅककेंड्रिक ह्या दोघांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा पेपर लिहिला. मॅककेंड्रिक डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधे होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख होते. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांचे दोन्ही डोळे गेले, त्यानंतरचं गणित त्यांनी डोळ्यांशिवाय केलं. आणि आपलं समीकरण तपासायला त्यांनी जो डेटा घेतला तो मुंबईचा, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ ह्या आठवड्यांत प्लेगनं किती माणसं मेली त्याचा. हळूहळू चढत सगळ्यात वाईट आठवड्यात मृत्यू नऊशेच्या पुढं गेले, आणि मग पावसाळ्याच्या तोंडाला उतरले.

त्यांनी मृत्यू का घेतले? मॉडेलमधे लागतात ते आजारातनं बाहेर पडणारे, बरे होऊन नाहीतर मरून. पेपरमधे त्यांनी लिहिलंय की नोंदलेल्या पेशंटांतले कमीत कमी ८० ते ९० टक्के दगावायचे, म्हणून मृत्यूचा आकडा म्हणजेच बाहेर पडणाऱ्यांचा आकडा धरला. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथंच थांबलो होतो. गणिताला सोयीचं झालं कारण जवळजवळ कुणी वाचतच नव्हतं.

ग्राफ फार सुंदर जुळला, त्यांच्या वक्राचं शिखर ८९० चं होतं. शंभर वर्षं झाली, अजून पुस्तकात तो ग्राफ छापतात. आणि इथंच नवख्या माणसानं लक्ष द्यायचं. प्लेग हा मुख्यतः उंदरांचा आजार, उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाकडं येते. वरच्या मॉडेलमधे उंदीर कुठंय? पिसू कुठंय? माणसाकडनं माणसाला एवढंच आहे. शिवाय मुंबईत प्लेग १८९६ ला आला आणि मग वर्षानुवर्षं त्याच हंगामात चढायचा आणि उन्हाळ्याच्या शेवटी उतरायचा, म्हणजे तो उतरला ते माणसं संपली म्हणून का हवा बदलली, पिसवा कमी झाल्या म्हणून? मॉडेल म्हणतं पहिलं. हंगामाचं रेकॉर्ड म्हणतं दुसरं. दोन वेगळ्या कारणांनी एकसारखा घंटेसारखा ग्राफ येऊ शकतो, म्हणून ग्राफ जुळला ह्यावरनं कारण सापडलं असं धरायचं नाही.

कारण कळायला गणिताच्या बाहेर बघावं लागतं. कोल्हापूर संस्थानातही शाहू महाराजांच्या काळात प्लेग आला होता. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे, घरात उंदीर पडला की गाव मोकळं करायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. त्यांना समीकरण माहीत नव्हतं पण उंदीर आधी पडतो आणि माणूस नंतर, हा क्रम आणि मधलं अंतर त्यांना माहीत होतं, म्हणजे मॉडेलमधे जो रकाना नव्हता तो त्यांच्याकडं होता. म्हणून मी सांगतो, मॉडेल करायच्या आधी आशाताईशी, लॅबवाल्याशी, घरातल्या म्हातारीशी बोला आणि विचारा की आधी काय होतं आणि मग काय होतं.

तुम्ही करायचं ते असं: हा मुंबईचा डेटा शोधा, सहज मिळतो, शीटमधे भरा, आणि पाचव्या पायरीतल्या मॉडेलचे दोन आकडे हातानं बदलत बदलत ग्राफ बसवा. आठवड्याचा डेटा आहे तर पायरी आठवड्याची धरा. लोकसंख्या पण बदलून बघा. एक संध्याकाळ जाईल. दोन-तीन वेगवेगळ्या जोड्यांनी तोच ग्राफ जवळपास तसाच जुळतो हे दिसेल, आणि ते दिसणं हाच त्या संध्याकाळचा धडा.

तपासणीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात, कारण ह्यात डॉक्टर होणारी पोरंसुद्धा अडखळतात. हजार लोक, त्यात आजार दहा जणांना. तपासणी आजाऱ्यांतल्या ९० टक्क्यांना पकडते आणि निरोग्यांतल्या ५ टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते. पॉझिटिव्ह आले किती? आजाऱ्यांतले ९, निरोगी ९९० मधले साधारण ५०. म्हणजे ५९ पॉझिटिव्हमधे खरे आजारी फक्त ९. ह्याच तपासणीसाठी ताप असलेलेच लोक घेतले, ज्यांच्यातल्या निम्म्यांना आजार आहे, तर पॉझिटिव्हपैकी ९५ टक्के खरे. तपासणी तीच, फरक पडला तो कुणाची केली त्यानं. कागदावर हजार ठिपके काढून एकदा रंगवा, परत विसरणार नाही.

कॉम्प्युटर आणि बाकीचं

आता शिका आर नाहीतर पायथन, कुठलंही एक. साथीच्या कामाला आरमधे तयार पॅकेजं पुष्कळ आहेत, नोकरीच्या बाजूनं पायथन बरं पडतं, दोन्ही फुकट. शीटमधे केलेलं शाळेचं मॉडेलच परत त्यात लिहा, उत्तर तेच आलं पाहिजे. शिवाजी विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सचा विभाग आहे, तिथल्या एमएस्सीच्या पोरांशी ओळख करून घ्या, एकट्यानं शिकायचं म्हटलं की चुका आपल्याला दिसत नाहीत.

आणि लोकांचा डेटा जपा. नाव, फोन, घर नंबर पहिल्याच दिवशी वेगळ्या कागदावर आणि शीटमधे फक्त क्रमांक. छोट्या गल्लीत वय, आजार आणि लग्न झालंय का एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो, टीबीचा पेशंट असा उघडा पडला तर पोरीचं लग्न मोडतं, हे आपल्याकडं होतं. दवाखान्यातला डेटा वापरायचा तर तिथल्या एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा पण आहे. ओळखीनं पेनड्राइव्हवर मिळतोय म्हणून घेऊ नका.

शेवटची पायरी: गल्लीचा प्रोजेक्ट

एवढं झालं की जूनमधे पाऊस लागायच्या आधी एक काम हातात घ्या. आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं त्यामुळं प्रत्येक घरात बॅरल, सिमेंटची टाकी, कळशा. आरोग्य खात्याच्या ताई कंटेनर सर्व्हे करतात तो बघायला त्यांच्याबरोबर, त्यांना विचारून, एक दिवस फिरा. टॉर्च मारायची, पाणी हलवायचं नाही, अळ्या वळवळत खाली जातात त्या दिसतात. पन्नास घरं बघितली, सहा घरांत अळ्या सापडल्या, तर घरांचा निर्देशांक १२. शंभर घरांमागं अळ्या असलेली भांडी किती, हा दुसरा आकडा, त्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. दोन्ही दर आठवड्याला काढा.

कोरडा दिवस पाळा, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करा, असं भिंतीवर लिहिलेलं असतं, तो दिवस आठवड्यातनं एकदाच का, ते आता तुम्हाला काढता येईल: अंडं ते डास आठ दिवस, आणि आठवडा सात दिवसांचा. एका दिवसाची शिल्लक आहे फक्त, कुणी रविवारचं सोमवारवर, सोमवारचं मंगळवारवर ढकललं की डास उडाला. शीटमधे एक रकाना करा, बॅरल शेवटचं कधी रिकामं केलं त्याला किती दिवस झाले. शेजारच्या काकू पहिल्यांदा म्हणाल्या की अहो मी दर आठवड्याला ओतते की पाणी. बॅरलच्या आतनं हात फिरवला तर कडेला बुळबुळीत थर तसाच, ह्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर त्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कितीतरी महिने टिकतात, नवं पाणी आलं की फुटतात. म्हणून आम्ही रकाना बदलला, ओतलं कधी च्या जागी घासलं कधी असं लिहिलं, आणि काकूंच्या घरापुढं त्या दिवशी पहिला शून्य पडला.